सूर्याची मोट

विहिरीतील पाणी वर आणणे हे मनुष्याच्या सर्वांत जुन्या कष्टांपैकी एक होय. पाणी आपण होऊन खाली वाहते. वर मात्र ते कधीही आपण होऊन येत नाही. त्याला वर आणावयाचे तर कोणाला तरी आपले बळ खर्च करावे लागते. हे बळ कोणी खर्च करावे, या एका प्रश्नाशी शेतीचा मोठा इतिहास निगडित आहे.

महाराष्ट्रात पुष्कळ काळ हे बळ बैलांचे होते. विहिरीच्या काठावर लाकडी चाक बसविलेले असे. त्या चाकावरून जाणाऱ्या जाड नाड्याला चामड्याची मोट बांधलेली असे. बैल उतरत्या धावेवरून चालू लागले की भरलेली मोट वर येई आणि थारोळ्यात रिती होई. तेथून पाणी पाटाने शेतात जाई. मग बैलांना मागे सरकवीत पुन्हा विहिरीशी आणावयाचे आणि मोट पुन्हा पाण्यात सोडावयाची. सूर्योदयापूर्वीच हे काम सुरू होई आणि उन्हे चढेपर्यंत चाले. मोट हाकणारा गाणी म्हणे. कारण त्या फेऱ्यांमध्ये गाण्याखेरीज दुसरा विरंगुळा नव्हता. इतके कष्ट करूनही दिवसाकाठी थोडीच जमीन भिजे. तथापि या कष्टांत एक गुण होता. बैलांना जितके ओढवे तितकेच पाणी विहिरीतून निघे. रात्री बैल विसावा घेत आणि तेवढ्या वेळात झरे विहिरीला पुन्हा भरून काढीत.

पुढे तेलावर चालणारी इंजिने आली आणि विजेचे पंपही आले. बैलांच्या मानेवरील भार उतरला. जे काम करण्यास चार दिवस लागत, ते काही तासांत होऊ लागले. परंतु इंजिनाला तेल लागते आणि तेल विकत आणावे लागते. ऐन हंगामात तेलापुरता पैसा हाती नसला की विहीर भरलेली असूनही पीक डोळ्यांदेखत वाळते. विजेच्या पंपाची अडचण निराळी. शेतीला वीज पुष्कळदा पाळीपाळीने मिळते. ती पाळी रात्रीची असली म्हणजे कडाक्याच्या थंडीत, हातात विजेरी घेऊन, शेतकऱ्याला बांधावरून चालत जावे लागते. वाटेत सापविंचवाचे भय असते. ओल्या जमिनीवर उभे राहून विजेच्या पेटीला हात लावण्याचे भय त्याहूनही मोठे. तो सुखरूप परत येईपर्यंत घरातील माणसांना झोप येत नाही. दिवसभर ज्याच्या माथ्यावर सूर्य तळपत असतो, त्यालाच पाण्यासाठी रात्रीच्या विजेची वाट पाहावी लागते, ही केवढी विसंगती!

सूर्याकडूनच हे काम करवून घ्यावे, ही कल्पना नवी नाही. फ्रान्समधील ऑगस्टिन मूशो हे गणिताचे शिक्षक होते. कोळसा कधी तरी संपेल, मग कारखाने कशावर चालतील, ही चिंता त्यांना लागली होती. त्यांनी मोठ्या आरशाच्या साहाय्याने सूर्याचे किरण एकवटून पाण्याची वाफ केली. १८७८ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी आपले यंत्र मांडले आणि सूर्याच्या उष्णतेच्या बळावर चक्क बर्फ तयार करून दाखविला.

त्याच सुमारास आपल्या मुंबईतही असाच एक प्रयोग झाला. तेथील उच्च न्यायालयात विल्यम अॅडम्स नावाचे इंग्रज अधिकारी काम करीत होते. मुंबईत ऊन भरपूर, पण कोळसा महाग, हे पाहून त्यांनी पुष्कळ सपाट आरसे एका मोठ्या चौकटीत बसविले. प्रत्येक आरशाची तिरीप एकाच जागी पडावी अशी योजना त्यांनी केली. ही चौकट अर्धवर्तुळाकार मार्गावरून सरकविता येत असे. सूर्य जसजसा पुढे जाई, तसतशी ती दिवसातून काही वेळा हलविली की पुरे. बहात्तर आरशांची उष्णता एकवटली तेव्हा वीस फुटांवर ठेवलेले लाकूड तत्काळ पेटले. मग त्यांनी ते ऊन पाण्याच्या बंबावर पाडले आणि निघालेल्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन आपल्या बंगल्याच्या आवारात पंधरा दिवस चालवून दाखविले. या विषयावरील त्यांचे पुस्तक १८७८ साली मुंबईतच प्रसिद्ध झाले.

असे यंत्र शेताला पाणी देण्याच्या कामी खरोखर लागले, ते इजिप्त देशात. कैरो शहराजवळ मादी नावाचे ठिकाण आहे. अमेरिकन अभियंता फ्रँक शुमन यांनी १९१३ साली तेथे पन्हळीच्या आकाराचे पाच लांबलचक आरसे उभारले. एकेक आरसा साठ मीटरांहून अधिक लांबीचा होता. त्यांच्या उष्णतेने वाफेचे इंजिन चाले आणि नाईल नदीचे पाणी मिनिटाला वीस हजार लिटरांहून अधिक वेगाने शेतांकडे चढे. पण दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. यंत्र चालविणारे अभियंते आपापल्या देशी परतले आणि ते बंद पडले. १९१८ साली शुमन यांचा मृत्यू झाला. स्वस्त तेलाच्या त्या दिवसांत लोकांना सूर्याचे विस्मरण झाले.

या सर्व यंत्रांत सूर्याच्या उष्णतेचा उपयोग केलेला होता. आज शेतात दिसणारा सौरपंप उष्णतेवर नव्हे, तर प्रकाशावर चालतो. प्रकाशापासून थेट वीज मिळू शकते, हे १८३९ साली एदमाँ बेकरेल या फ्रेंच तरुणाच्या ध्यानात आले. तेव्हा त्याचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. परंतु ती वीज इतकी अल्प होती, की तिचा व्यवहारात काही उपयोग होईना. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन, कॅल्व्हिन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन या तीन शास्त्रज्ञांनी सिलिकॉनचा सौरघट तयार केला. आपला शोध लोकांना दाखविण्यासाठी त्यांनी एक खेळण्यातला पाळणा या घटांच्या विजेवर फिरविला. त्या घटावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्केच शक्तीची वीज होत असे. आजचे चांगले सौरघट सुमारे वीस टक्के शक्तीची वीज करतात.

सौरपंपाची रचना समजण्यास अवघड नाही. सिलिकॉन हे मूलद्रव्य वाळूत विपुल असते. त्याची पातळ चकती शुद्ध करून व योग्य संस्कार करून सौरघट बनवितात. प्रकाश पडला की या घटातील सूक्ष्म विद्युत्कण हलू लागतात आणि विजेचा प्रवाह सुरू होतो. एका घटाचा दाब सुमारे अर्धा व्होल्टच असतो. म्हणून पुष्कळ घट एकमेकांस जोडून, काचेखाली बसवून, त्यांचे पॅनेल करतात. स्वच्छ दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे एक हजार वॅट शक्तीचे ऊन पडते. त्यातून सुमारे दोनशे वॅट वीज हाती येते. तीन अश्वशक्तीच्या पंपासाठी सुमारे तीन हजार वॅटची पॅनेले लागतात. म्हणजे त्यांना सुमारे पंधरा चौरस मीटर जागा लागेल, हे गणित कोणताही विद्यार्थी करू शकेल.

पॅनेलांची वीज प्रथम नियंत्रक नावाच्या पेटीत येते. ऊन कमीजास्त झाले तरी पंपाला सोसेल व साधेल अशा रीतीने ती वीज पंपाला पुरविणे, हे नियंत्रकाचे काम. तेथून ती तारेने विहिरीतील पंपाकडे जाते. सकाळी ऊन कोवळे असते तेव्हा पाण्याची धार बारीक पडते. मध्यान्ही ती पूर्ण भरते. दिवस कलला की पुन्हा रोडावते. एखादा ढग सूर्याआड आला तरी शेतकऱ्याला ते धारेवरून कळते. आपल्या देशात ही पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून थोडी तिरपी बसवितात, कारण वर्षातील बराच काळ सूर्य दक्षिणेच्या बाजूने जातो.

सौरपंपाला तेल लागत नाही, धूर होत नाही आणि आवाजही फारसा होत नाही. मात्र त्याची निगा राखावी लागते. काचेवर धूळ बसली की वीज घटते. म्हणून सकाळी, काच तापण्यापूर्वी, ती स्वच्छ पाण्याने धुवावी. झाडाची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी बाकीच्या घटांचे कामही मंदावते, कारण सर्व घट साखळीच्या कड्यांप्रमाणे जोडलेले असतात. रात्रीसाठी वीज साठवावयाची तर महाग बॅटऱ्या लागतात. त्यापेक्षा दिवसा उंचावरील टाकीत पाणी भरून ठेवणे अधिक सोपे व स्वस्त. सूर्याची शक्तीच जणू पाण्याच्या रूपाने टाकीत साठते.

पूर्वी सौरपंप इतके महाग होते, की सामान्य शेतकऱ्याला ते घेणे शक्य नव्हते. पुढे पॅनेलांच्या किमती उतरल्या आणि शासनानेही साहाय्य देऊ केले. २०१९ साली केंद्र शासनाची पीएम-कुसुम योजना सुरू झाली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आणली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने पंपाच्या किमतीचा दहा टक्के आणि अनुसूचित जातीजमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के वाटा भरावा, असे ठरविण्यात आले. अशा साहाय्यामुळे दिवसाउजेडी पाणी देण्याचे सुख अनेक शेतकऱ्यांना लाभले.

येथवर सर्व काही चांगलेच दिसते. परंतु प्रत्येक सोयीच्या पोटात एखादी गैरसोय लपलेली असते आणि शहाण्या माणसाने ती वेळीच ओळखावी लागते.

तेलाच्या इंजिनाचा मालक पिकाला पुरेसे पाणी मिळताच इंजिन बंद करी. कारण पुढच्या प्रत्येक घटकेला तेल जळत असे. सौरपंपाच्या मालकाला ही धास्ती नाही. ऊन फुकट आहे; मग पंप चालू राहिला तर बिघडले कोठे, असे त्याला वाटू लागते. एका एकरावर पाच सेंटीमीटर पाणी उभे करावयाचे तर सुमारे दोन लाख लिटर पाणी लागते. गरज एका पाळीची असताना दोन पाळ्या दिल्या, तर दोन लाख लिटर पाणी भूमीच्या पोटातून अकारण उपसले गेले. त्यातील काही जमिनीत मुरेल, पण काही उन्हाने वाफ होऊन उडून जाईल. एकाने असे केले तर कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण गावातील शंभर पंप असेच चालू राहिले, तर उन्हाळ्यापूर्वीच विहिरींचे तळ दिसू लागतील. भूगर्भातील पाणी कोणा एकाच्या बांधापाशी थांबत नाही. एकाने अधिक उपसले की शेजाऱ्याची विहीर आटते. शिवाय पाणी दुप्पट खोल गेले, तर तेवढ्याच शक्तीत निम्मेच पाणी वर येते. म्हणजे जो सूर्य आज मदतीला धावून येतो, तोच उद्या अपुरा पडेल.

आपला देश जगातील सर्वांत अधिक भूजल उपसणारा देश आहे. म्हणून हा प्रश्न केवळ एका गावाचा नाही. बैलांचे बळ मर्यादित होते आणि तेलाला पैसा पडत होता. त्यामुळे उपशाला आपोआप लगाम बसे. सौरपंपाने हे दोन्ही लगाम सुटले. आता तिसरा लगाम मनुष्याने आपल्या बुद्धीने निर्माण केला पाहिजे.

असा लगाम गुजरातमधील एका लहानशा गावाने शोधून काढला. खेडा जिल्ह्यात ठासरा तालुक्यात धुंडी हे गाव आहे. तेथील शेतकरी तेलाच्या इंजिनांवर पाणी काढीत असत. २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सौर ऊर्जा उत्पादकांची सहकारी मंडळी स्थापन केली. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या संशोधकांनी त्यांना साहाय्य केले. या शेतकऱ्यांची पॅनेले विजेच्या सार्वजनिक तारांना जोडण्यात आली आणि वीज कंपनीशी पंचवीस वर्षांचा करार झाला. शेताला पाणी देऊन उरलेली वीज कंपनीने युनिटला चार रुपये त्रेसष्ट पैसे या दराने विकत घ्यावी, आणि शेतकऱ्यांनी त्या काळात शेतीसाठीच्या सवलतीच्या वीजजोडाची मागणी करू नये, असे ठरले. याखेरीज पाणी वाचविल्याबद्दल संशोधकांकडूनही त्यांना काही अधिक रक्कम मिळू लागली.

या एका करारामुळे उन्हाला किंमत आली. शेतकऱ्याने दिवसाकाठी दहा युनिट वीज वाचविली, तर त्याला शेहेचाळीस रुपये तीस पैसे मिळणार. पिकाचे पोट भरल्यावरही पंप चालू ठेवला, तर तेवढेच पैसे पाण्याबरोबर वाहून जाणार. म्हणजे पंप वेळेवर बंद करण्यात शेतकऱ्याचा लाभ, भूमीचा लाभ आणि शेजाऱ्याचाही लाभ. सूर्य हे जणू त्यांच्या शेतातील आणखी एक पीकच ठरले, आणि त्या पिकावर ना कीड पडत होती, ना त्याला पाणी लागत होते.

प्रत्येक ठिकाणी पॅनेले अशी सार्वजनिक तारांना जोडता येतात असे नाही. दूरच्या माळावरील पंप एकाकीच असतो. परंतु तेथेही उपाय आहेत. काही नियंत्रकांच्या साहाय्याने पंपाची वीज कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालविण्यास वापरता येते. ठिबक सिंचनाने पाणी थेंबाथेंबाने मुळाशी देता येते. आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे आपल्या गावात पाणी किती आहे, हे आधी जाणून घेणे.

हा उपाय अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने करून दाखविला आहे. पूर्वी दुष्काळाने गांजलेले हे गाव. १९९० नंतरच्या काळात श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी डोंगरउतारावर चर खणले, झाडे लावली आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरविले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी शेतीसाठी कूपनलिकेचे पाणी न वापरण्याचा आणि फार पाणी पिणारी पिके न घेण्याचा निर्णय केला. दर वर्षी पाऊस मोजावा, गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि मगच कोणते पीक किती घ्यावे हे ठरवावे, अशी प्रथा त्यांनी पाडली. घरात येणारा पैसा पाहून खर्च ठरवितात, तसेच हे झाले. ज्या गावाला आपल्या पाण्याचा हिशेब ठाऊक आहे, त्या गावाच्या हाती सौरपंप हे खरोखर वरदान ठरते.

सूर्य प्रतिदिनी उगवतो. आज त्याचे कितीही ऊन वापरले, तरी उद्या ते तितकेच मिळते. भूमीतील पाण्याचे तसे नाही. ते पावसाळ्यात भरते आणि पुढचे आठ महिने आपणांस पुरवावे लागते. मोट ओढणाऱ्या बैलांना मुखाने बोलता येत नसे, पण थकले की ते थांबत आणि धन्याला त्यांच्यासाठी थांबावे लागे. सूर्याची ही नवी मोट दिवस मावळेपर्यंत थकत नाही. म्हणून कोठे थांबावयाचे, हे आता धन्यानेच ठरविले पाहिजे. ज्याला पंप चालू करता येतो तो यंत्र जाणतो. ज्याला तो वेळेवर बंद करता येतो, तो शेती जाणतो.

स्वाध्याय

१. मोटेने पाणी काढण्याच्या पद्धतीचे वर्णन पाच-सहा वाक्यांत करा. त्या पद्धतीत कोणता गुण होता?

२. विल्यम अॅडम्स यांचे यंत्र आणि आजचा सौरपंप यांत मुख्य भेद कोणता?

३. कारणे द्या : (अ) पॅनेलवर सावली पडू देऊ नये. (आ) रात्रीसाठी वीज साठविण्यापेक्षा पाणी साठविणे बरे.

४. धुंडी गावातील शेतकरी आपला पंप वेळेवर का बंद करीत असतील?

५. ‘आता तिसरा लगाम मनुष्याने आपल्या बुद्धीने निर्माण केला पाहिजे.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : विसंगती, निगा, लगाम, ताळेबंद, वरदान.

७. आपल्या गावातील किंवा जवळच्या एखाद्या विहिरीला कोणत्या महिन्यांत किती पाणी असते, याची वडीलधाऱ्या माणसांकडून माहिती मिळवा व ती वहीत लिहा.